डाय हार्ड ५ : मॅक्लेनचे पाय आता दुखत का नाहीत?

काजवा
(पाचही भागांचं कथानक खाली उघड होणार आहे. पाहायचे राहिले असतील त्यांनी आधी पाहून या.)

गेल्या आठवड्यात डाय हार्डचे, म्हणजे ब्रूस विलिसने न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन साकारलेल्या ॲक्शन मालिकेचे, पाचही भाग ओळीने पाहिले. पाचवा, म्हणजे २०१३ चा 'अ गुड डे टू डाय हार्ड', आला तेव्हाच पाहिला होता आणि इतका हिरमोड झाला होता की पुन्हा त्याच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं होतं. या वेळी पहिले चार ताजे डोक्यात असताना पाहिला, तर आणखीच वाईट वाटलं. पण नेमकं काय हरवलंय ते या वेळी बोट ठेवून दाखवता येईल असं वाटतंय, म्हणून हा धागा.

सुरुवात पायांपासून करतो.

१९८८ च्या पहिल्या भागात अगदी सुरुवातीला, विमानात शेजारी बसलेला माणूस जॉन मॅक्लेनला एक उपाय सांगतो. मुक्कामी पोचल्यावर बूट-मोजे काढायचे, गालिच्यावर अनवाणी चालायचं आणि पायाच्या बोटांची मूठ करायची. मॅक्लेन नाकातोमी प्लाझा या उंच इमारतीत बायकोच्या ऑफिसात पोचतो, तिच्याशी भांडण होतं, ती निघून जाते, आणि हा बाथरूममध्ये गालिच्यावर बोटं मुडपून बघतो. तेवढ्यात दरोडेखोर इमारत ताब्यात घेतात आणि बाहेर गोळीबार सुरू होतो. बूट घालायलाही वेळ मिळत नाही. पुढचा सगळा सिनेमा हा माणूस अनवाणी आहे. पहिला दरोडेखोर मारल्यावर त्याचे बूट पायाला लावून बघतो, ते लहान निघतात. मग दरोडेखोरांचा म्होरक्या हान्स ग्रुबरशी समोरासमोर गाठ पडते. हान्स ओलीस असल्याची बतावणी करत असतो, पण बोलता बोलता त्याची नजर मॅक्लेनच्या उघड्या पायांवर जाते. थोड्याच वेळात गोळीबार पेटतो तेव्हा हान्स आपल्या माणसाला सांगतो, काचांवर गोळ्या झाड.

त्यानंतरचा प्रसंग माझ्या मते सगळ्या मालिकेचा प्राण आहे. मॅक्लेन बाथरूममध्ये बसून तळव्यात रुतलेली काच ओढून काढतोय. वॉकीटॉकीवर इमारतीबाहेरचा पोलीस, सार्जंट अल पॉवेल, आहे. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलंही नाही. मॅक्लेनला वाटतंय की आपण इथून जिवंत बाहेर पडणार नाही, आणि तो पॉवेलला बायकोसाठी निरोप देतो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे तिने माझ्या तोंडून हजारदा ऐकलंय, पण 'माझं चुकलं' हे कधीच ऐकलं नाही, ते तिला सांग. हे सांगताना त्याचा आवाज कापतो. ॲक्शन सिनेमाचा नायक आणि रडवेला झालाय! आणि ही सगळी वाट विमानातल्या त्या साध्या सल्ल्यापासून इथवर येते.

याला मी हिशेब म्हणतो. पहिल्या भागात प्रत्येक गोष्टीचा हिशेब आहे. गोळ्या किती उरल्या, कोणत्या मजल्यावर कोण आहे, किती दरोडेखोर शिल्लक आहेत. तो त्यांची नावं मार्करने स्वतःच्या हातावर लिहून ठेवतो. शेवटी हान्ससमोर जाताना त्याच्याकडे दोनच गोळ्या असतात आणि पिस्तूल पाठीला चिकटपट्टीने चिकटवलेलं असतं.

आता पाचवा भाग. मुलगा जॅक मॉस्कोत अटकेत आहे म्हणून मॅक्लेन तिथे जातो. न्यायालयाबाहेर स्फोट होतो, मग लांबलचक पाठलाग. त्यात मॅक्लेन ट्रक घेऊन घुसतो, ट्रक उलटा होतो, हा बाहेर पडतो आणि दुसरी गाडी घेऊन परत त्याच वेगाने निघतो. वय जवळजवळ साठीकडे झुकलेलं, आणि माणसाची मानसुद्धा अवघडत नाही. पुढे बाप-लेक उंच इमारतीतून खाली झेप घेतात. जॅकच्या पोटात लोखंडी सळई घुसते, बाप ती हाताने ओढून काढतो, आणि पोरगा थोड्या वेळाने पळतोय, लढतोय. तळव्यातल्या काचेच्या तुकड्याने मला जेवढं कळवळायला लावलं त्याच्या शतांशही त्या सळईने लावलं नाही. कारण सळईचा परिणाम पुढच्या प्रसंगात कुठे दिसतच नाही.

आणि ते 'मी सुट्टीवर आलोय' हे पालुपद! मारामारीच्या मध्ये पुन्हा पुन्हा तेच. एक तर तो सुट्टीवर आलेलाच नाही, मुलाला सोडवायला आलाय. हे वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःचीच कथा आठवत नव्हती का, असा प्रश्न पडतो.

या मालिकेवर माझा फार जीव आहे. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

सांजवारा
अगदी मनातलं लिहिलंत. पायांचा धागा मी इतक्या वेळा पाहूनही असा सलग जोडून पाहिला नव्हता.

मला खलनायकाबद्दल लिहायचंय. हान्स साकारणाऱ्या ॲलन रिकमनचा पहिला डाय हार्ड हा पहिलाच चित्रपट, त्याआधी तो रंगभूमीवरचा नट. हान्स ग्रुबर इतका लक्षात राहतो त्यात त्याच्या आवाजाचा आणि सुटाबुटाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्याकडे खरोखर एक योजना आहे. तिजोरीत ६४ कोटी डॉलरचे रोखे आहेत. तिला सात कुलुपं. सहा त्याची माणसं फोडू शकतात. सातवं विजेवर चालणारं, इमारतीचा वीजपुरवठा तोडल्याशिवाय उघडणारच नाही. हान्स शांत बसून राहतो, कारण ओलीस प्रकरणात एफबीआय ठरलेल्या पद्धतीने वीज तोडणार हे त्याला ठाऊक आहे. पोलिसच त्याची तिजोरी उघडून देतात. तो दरवाजा उघडतो तेव्हा पाठीमागे बीथोव्हनची नववी सिंफनी वाजते आणि क्षणभर आपणही त्या चोरांच्या आनंदात सामील होतो. मायकेल केमनने ते संगीत आधीपासून तुकड्यातुकड्याने पेरत आणलेलं असतं.

पाचव्यात सुरुवातीला अलिक नावाचा गुंड येतो. गाजर खातो, टॅप डान्स करतो, आपल्याला मी कधीतरी नर्तक होतो वगैरे सांगतो. बरं, हा खलनायक म्हणावं तर थोड्या वेळाने कळतं की खरा खलनायक ज्याला वाचवायला सगळे धडपडत होते तो कोमारोव्हच आहे, आणि त्याची मुलगी इरीना त्याला सामील आहे. सेबास्टियन कोख हा केवढा समर्थ नट! त्याला कोमारोव्ह म्हणून घेतलं आणि करायला काही दिलंच नाही. खरा चेहरा उघड होईपर्यंत सिनेमा संपत आलेला असतो. मॅक्लेन आणि कोमारोव्ह यांच्यात मनाची झटापट अशी होतच नाही. हान्स आणि मॅक्लेन बराच काळ फक्त आवाजाने भांडत असतात, तरी ते भांडण हाडामासाचं वाटतं.

रोखठोक
मी वेगळं मत मांडतो. सगळं खापर पाचव्यावर फोडणं मला पटत नाही. घसरण २००७ च्या चौथ्या भागात झाली. तिथे मॅक्लेन मोटारगाडीने हेलिकॉप्टर पाडतो. तिथे एफ-३५ विमान उड्डाणपुलाखाली तरंगत त्याच्या ट्रकवर क्षेपणास्त्रं सोडतं आणि हा त्या विमानाच्या पाठीवर उतरतो. काजवा, तुमचा हिशेब तिथेच बुडाला. शिवाय अमेरिकेत तो भाग कमी वयाच्या प्रेक्षकांना चालेल अशा प्रमाणपत्रावर काढला, म्हणून मॅक्लेनचं गाजलेलं शिवराळ वाक्यसुद्धा गोळीच्या आवाजात दाबलं. पाचव्याला प्रौढांचं प्रमाणपत्र परत मिळालं, शिव्या परत आल्या. लोकांना वाटलं होतं तेवढ्याने मॅक्लेन परत येईल. आला नाही.

आणि अजून मागे गेलं तर? १९९० च्या दुसऱ्या भागात हातबॉम्ब फुटायच्या क्षणी तो विमानाच्या खुर्चीसकट आकाशात उडतो. १९९५ च्या तिसऱ्यात भुयारातलं पाणी त्याला कारंज्यासारखं जमिनीवर फेकतं. अशक्य गोष्टी पहिल्यापासून आहेत. होजपाइप कमरेला बांधून गच्चीवरून उडी मारणंही काही शक्य कोटीतलं नाही. मग पाचव्यावरच एवढा राग का?

नकाशावाला
रोखठोक यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर थोडं वेगळ्या बाजूने.

पहिल्या भागात आपल्याला जागा कळते. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन आणि छायालेखक यान दे बाँत यांनी ती इमारत आपल्याला पाठ करून दिलीय. लॉस एंजेलिसमधली खरी इमारत आहे ती, फॉक्स प्लाझा, तेव्हा पुरती बांधूनही झाली नव्हती, आणि अर्धवट मजले तसेच वापरले. मॅक्लेन जिन्याने वर जातो, लिफ्टच्या पोकळीतून खाली येतो, हवेच्या नळीतून सरपटतो. अर्धवट मजल्यावर भिंतीला एका तरुणीचं चित्र लावलेलं आहे. तो त्यावरून एकदा जातो, नंतर पुन्हा जातो, आणि आपल्याला लगेच कळतं की हां, आपण परत त्याच मजल्यावर आलो. एवढंसं चित्र, पण ते मैलाच्या दगडाचं काम करतं. होजपाइपची उडी अशक्य असेल, पण गच्ची कुठे आहे, खाली खिडकी कुठे आहे, पाइपचं रीळ त्याच्यामागून गडगडत खाली येणार आणि त्याला बाहेर ओढणार, हे सगळं आपल्याला दिसतंय. म्हणून छातीत धडधडतं.

पाचव्या भागाचं चित्रीकरण बहुतांश बुडापेस्टमध्ये झालं. तो दोष मी धरत नाही. दुसऱ्या भागातला वॉशिंग्टनचा विमानतळही बराचसा दुसरीकडेच चित्रित केलाय, आणि त्यातल्या सार्वजनिक फोनवर पॅसिफिक बेलचं नाव दिसतं, जी पार दुसऱ्या किनाऱ्यावरची कंपनी. तरीही त्या विमानतळाची धावपट्टी, मनोरा, बर्फ, घिरट्या घालणारी विमानं हे सगळं डोक्यात बसतं. पाचव्यातलं मॉस्को बसत नाही. पाठलागात कोण कोणाच्या पुढे, कोण कोणाच्या मागे, तिघांपैकी कोणती गाडी कोणत्या पुलावर, मला तीनदा पाहूनही सांगता येणार नाही. कॅमेरा सतत हलतोय आणि जवळून. त्यात पहिले चारही भाग रुंद चौकटीत काढलेले, हा एकटाच कमी रुंद चौकटीत. मोकळी जागा दिसायची तीही गेली.

अणुरेणू
मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे चेर्नोबिलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पाचव्या सिनेमाच्या शेवटाकडे मंडळी मॉस्कोहून रात्रीतून गाडीने चेर्नोबिलला पोचतात. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चेर्नोबिल युक्रेनमध्ये आहे, १९९१ पासून वेगळा देश. गाडीच्या डिकीत हत्यारं भरून सीमा ओलांडायची तर तेवढाच एक थरारक प्रसंग झाला असता. तो नाहीच.

पण मला खरा त्रास झाला तो फवाऱ्याचा. तिथल्या तळघरात किरणोत्सार आहे म्हणून इरीना आणि तिची माणसं एक फवारा मारतात आणि काही क्षणांत जागा सुरक्षित होते, अंगावरचे पोशाख उतरवता येतात. किरणोत्सार अणूच्या गाभ्यातून येतो. रसायन मारून तो थांबत नाही. धूळ बसवता येते, माती खरवडून नेता येते, काँक्रीटखाली गाडता येतं, पण विझवता येत नाही. २६ एप्रिल १९८६ ला चौथी अणुभट्टी फुटली तेव्हा बाहेर पडलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, साधारण ३० वर्षं आहे. म्हणजे २०१३ मध्ये त्यातलं निम्म्याहून जास्त अजून तिथेच होतं.

आणि वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट किती जबरदस्त आहे! स्फोटानंतर छपरावर पडलेले ग्रॅफाइटचे तुकडे माणसांनी फावड्याने उचलून खाली टाकले. यंत्रमानव तिथे बंद पडत होते. एकेका माणसाला मिनिटा-दोन मिनिटांच्या वर छपरावर थांबू देत नव्हते. धावत जायचं, एक-दोन फावडी टाकायची, धावत परत यायचं, आणि त्याची पाळी संपली. काजवा, तुम्ही हिशेब म्हणताय ना? इथे तर घड्याळ तयार होतं. मॅक्लेनला त्या इमारतीत फक्त काही मिनिटं आहेत, मापकाचा काटा चढतोय, मुलाला शोधायचंय, आणि जास्त वेळ थांबलं तर त्याची किंमत पुढे शरीराला मोजावी लागणार. अनवाणी पायांइतकीच साधी अडचण. ती हातात असताना फवारा मारून टाकून दिली. चेर्नोबिलला ज्यांनी जीव घातला त्यांच्या आठवणीलाही हे शोभलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

सांजवारा
अणुरेणू, हा प्रतिसाद वाचून काटा आला. हा सिनेमा मला पाहायला आवडला असता.

तळटीप
धाग्यावर थोडा उशिरा येतोय. पटकथा कुठून आल्या हे ओळीने मांडलं तर रोखठोक यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडेल असं मला वाटतं.

पहिला भाग रॉडरिक थॉर्प यांच्या १९७९ च्या 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' या कादंबरीवर आहे. गंमत म्हणजे ती कादंबरीच मुळात दुसरा भाग होती. त्यांच्या १९६६ च्या 'द डिटेक्टिव्ह'वर १९६८ मध्ये फ्रँक सिनात्राला घेऊन चित्रपट निघाला होता, आणि त्यामुळे डाय हार्डची भूमिका करारानुसार आधी सिनात्राला विचारावी लागली. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला, त्याने नकार दिला. कादंबरीत नायक निवृत्त आणि वयस्कर आहे, इमारतीत अडकलीय ती त्याची मुलगी.

दुसरा भाग वॉल्टर वेगर यांच्या '५८ मिनिट्स' या १९८७ च्या कादंबरीवरून. तिचा मॅक्लेनशी काही संबंध नव्हता. तिसरा भाग म्हणजे जोनाथन हेन्सली यांची 'सायमन सेज' ही स्वतंत्र पटकथा, ती नंतर डाय हार्ड म्हणून बदलून घेतली. चौथ्याचं मूळ जॉन कार्लिन यांच्या १९९७ च्या 'वायर्ड' मासिकातल्या लेखात, संगणकावरून देश ठप्प कसा करता येईल याबद्दलच्या.

पाचवा भाग हा पहिला, जो सुरुवातीपासून डाय हार्ड म्हणूनच लिहिला गेला. पटकथा स्किप वुड्स, दिग्दर्शन जॉन मूर.

ऐकायला उलटं वाटेल, पण मला वाटतं घोळ इथेच आहे. पहिल्या चारही गोष्टी दुसऱ्या कोणाच्या होत्या. मॅक्लेन त्यात बाहेरून येऊन पडला. तो विमानतळ त्याचा नव्हता, ते संगणकाचं जग त्याचं नव्हतं, ती नाताळची मेजवानीसुद्धा त्याची नव्हती, तिथे तो बायकोच्या ऑफिसातला अवघडलेला पाहुणा होता. त्याला तिथलं काही कळत नाही, कोणी त्याला बोलावलेलं नाही, पोलिसांचे वरिष्ठ त्याच्यावरच खेकसतायत. चुकीच्या वेळी चुकीच्या जागी सापडलेला माणूस ही मॅक्लेनची व्याख्याच आहे.

पाचव्यात सगळी गोष्ट त्याच्याभोवती बेतलेली. मुलगा सीआयएचा हेर, म्हणजे हाणामारी घरातलीच. आल्या आल्या त्याला बंदूक मिळते. तिथे कोणी त्याला विचारत नाही की तू कोण, आणि तोही कोणाला काही विचारत नाही. पाहुणा घरमालक झाला, आणि अवघडलेपणा संपला. बाकीचे चारही भाग दोन तासांच्या वर आहेत, हा ९८ मिनिटांचा. अवघडायला वेळ लागतो, तो या पटकथेत कुठे ठेवलेलाच नाही.

रोखठोक
तळटीप, हे पटलं. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण उत्तराची दिशा मिळाली.

पिंपळपान
सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं थोडं वेगळं पडेल.

मला हा भाग आवडतो असं म्हणणार नाही, पण आता त्याकडे रागाने पाहवत नाही. मार्च २०२२ मध्ये ब्रूस विलिसच्या कुटुंबाने सांगितलं की त्याला अफेझिया, म्हणजे बोलण्या-समजण्यात अडथळा आणणारा मेंदूचा विकार, आहे आणि तो काम थांबवतोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेंशिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचं निदान जाहीर केलं. माझ्या वडिलांची शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. शब्द हरवत जाणारा माणूस जवळून पाहिलाय. सुरुवातीला ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि आम्ही चिडायचो. पाचव्या भागाच्या वेळी विलिसला काही होत होतं असं मी अजिबात म्हणत नाही, ते पालुपद लेखकाचंच आहे. पण मॅक्लेन म्हणून त्याचा हा शेवटचा चित्रपट ठरला, आणि हे कळल्यावर मी तो पाहिला तेव्हा माझी नजर फक्त त्याच्या चेहऱ्यावर होती.

एक प्रसंग आहे. मॅक्लेन कोमारोव्हशी बोलताना सांगतो की मी सतत कामातच होतो, आणि तेव्हा वाटायचं की हेच बरोबर आहे. जॅक बाजूला ऐकतोय. फार लहान प्रसंग, लगेच गोळीबार सुरू होतो. पण त्यात मला जुना मॅक्लेन दिसला. आधी बायकोसाठी जो निरोप पॉवेलकडे दिला होता तोच आता मुलासाठी परक्या माणसासमोर सांगतोय. तो प्रसंग थोडा लांबवला असता, गोळीबार दोन मिनिटं उशिरा आला असता, तर एवढ्यासाठीही मी हा भाग जपून ठेवला असता.

आणि पाठलागात खऱ्या गाड्या खऱ्या रस्त्यांवर चेपल्यात, त्या मेहनतीला मी दाद देते. ज्यांनी ते स्टंट केले त्यांनी जीव धोक्यात घातलाय. पटकथेचा दोष त्यांच्यावर नको.

काजवा
पिंपळपान, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तो प्रसंग मी आत्ता पुन्हा लावून पाहिला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. तिथे विलिसचा आवाज खाली येतो, आणि जॅक वडिलांकडे न बघता ऐकतोय. माझ्या मूळ लेखात मी त्याचा उल्लेखही केला नाही, ही चूक झाली. स्टंटबद्दलही सहमत.

रोखठोक, चौथ्या भागाबद्दल. एफ-३५ चा प्रसंग मलाही आवडत नाही. पण त्याच भागात गाडीत बसलेले मॅक्लेन आणि तो तरुण हॅकर मॅट फॅरेल आठवा. फॅरेल म्हणतो तू हिरो आहेस. मॅक्लेन त्याला सांगतो की हिरो झाल्यावर काय मिळतं : लोक पाठ थोपटतात, मग घटस्फोट होतो, बायकोला तुझं आडनाव आठवत नाही, मुलं तुझ्याशी बोलत नाहीत, आणि तू रोज एकटा जेवतोस. फॅरेल विचारतो मग करतोस कशाला? तर म्हणतो, दुसरं कोणी करायला नाही म्हणून. दुसरा कोणी करणारा असता तर मी त्याला करू दिलं असतं. हे बोलणारा माणूस उद्या विमानावर उडी मारो, मी त्याच्याबरोबर आहे. अशक्य गोष्टींबद्दल माझी तक्रार नव्हती, ते मला तुमच्या प्रश्नामुळे नीट कळलं. अशक्य गोष्ट करताना त्याला ती नको असते, तो कुरकुरत, शिव्या घालत, दुसरा मार्ग शोधून थकल्यावर ती करतो. होजपाइप बांधताना तो देवाची करुणा भाकतो, मरू देऊ नकोस म्हणतो. पाचव्यात उडी मारताना तो आणि जॅक नुसते पळत सुटतात.

तिसऱ्या भागातलं पाण्याचं कोडंही त्यासाठीच मला प्रिय आहे. बागेतल्या कारंज्यापाशी बॉम्ब, जवळ पाच गॅलनचा आणि तीन गॅलनचा असे दोन कॅन, आणि बरोबर चार गॅलन पाणी वजनकाट्यावर ठेवायचं. मॅक्लेन आणि त्याच्यासोबत अडकलेला झ्यूस (सॅम्युअल जॅक्सन) आधी भांडतात, मग विचार करतात, मग परत भांडतात. पाचाचा भरायचा, त्यातून तीनचा भरायचा, पाचात दोन उरले. तीनचा रिकामा करून हे दोन त्यात ओतायचे. पाचाचा परत भरायचा आणि त्यातून तीनचा काठोकाठ करायचा, एक गॅलन जातं, चार उरतात. दोन घामाघूम माणसं डोकं खाजवत उभी आहेत, बस्स. सॅम्युअल जॅक्सन आणि विलिस यांच्या त्या एका प्रसंगात जेवढी माणसं दिसतात तेवढी पाचव्याच्या सबंध पाठलागात दिसत नाहीत. पाचव्यात मॅक्लेनला एकदाही विचार करावा लागलेला मला आठवत नाही.

आणि तळटीप, 'अवघडलेला पाहुणा' हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. मी हिशेब म्हणत होतो तो त्यामुळेच येत असणार. आपल्या घरात माणूस मोजत नाही. परक्या घरात कुठे काय ठेवलंय, दार कुठे आहे, आपल्याजवळ किती पैसे आहेत, सगळं मोजून असतो.

नकाशावाला
पहिल्याच भागात लॉबीतला तो संगणकाचा पडदा आहे बघा. मॅक्लेन त्यावर बायकोचं नाव 'मॅक्लेन' म्हणून शोधतो, सापडत नाही. मग 'जेनेरो' शोधतो, तिचं माहेरचं नाव, आणि ते सापडतं. एक शब्द न बोलता तो अजून चुकीच्या जागी आलाय हे सांगून झालं. तळटीप, तुमच्या मुद्द्याला हे जोडून घ्या.

अणुरेणू
आणि पॉवेल! तोही त्या रात्री तिथे नको असतानाच येतो. घरी निघालेला असतो. त्याच्या हातून पूर्वी खेळण्यातली बंदूक धरलेला १३ वर्षांचा मुलगा मारला गेलाय, तेव्हापासून त्याला पिस्तूल उचलता येत नाही. मॅक्लेनला तो हे सांगतो ते त्याच काचेच्या रात्री, वॉकीटॉकीवर. शेवटी हान्सचा माणूस कार्ल उठून उभा राहतो आणि गोळी पॉवेल झाडतो, तेव्हा रेजिनाल्ड व्हेलजॉन्सनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पाचव्यात मॅक्लेन आणि जॅक सोडून असं कोणी आहे का ज्याचं पुढे काय झालं हे आपल्याला जाणून घ्यावंसं वाटतं? मला तरी सुचत नाही.

सांजवारा
असं म्हणतात की पहिल्या भागाच्या वेळी विलिस दिवसा टीव्ही मालिकेचं चित्रीकरण करत होता आणि डाय हार्डसाठी रात्रीच मोकळा असायचा, म्हणून इतर पात्रांचे प्रसंग वाढवले गेले. पॉवेल, मॅक्लेनची बायको हॉली, तिचा सहकारी एलिस, वार्ताहर, सगळ्यांना जागा मिळाली. एका नटाच्या वेळेच्या अडचणीमुळे केवढं बरं झालं.

पिंपळपान
धागा वाचून राहवलं नाही, काल रात्री पहिला भाग पुन्हा लावला. या वेळी घड्याळावर लक्ष ठेवून.

शेवटी हान्स खिडकीतून लोंबकळतो तो हॉलीच्या मनगटावरच्या घड्याळाला धरून, आणि मॅक्लेन त्या घड्याळाचा पट्टा सोडवतो म्हणून तो खाली पडतो, एवढं मला आठवत होतं. रिकमनला ठरलेल्या आकड्याच्या आधीच सोडलं म्हणून त्याच्या डोळ्यातली भीती खरी आहे, हेही वाचलं होतं. पण सुरुवातीचं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मॅक्लेन ऑफिसात नुकताच आलाय. एलिस हॉलीच्या मागे लागतो, दाखव की त्याला घड्याळ, कंपनीने दिलंय. रोलेक्स आहे. हॉली संकोचते, नंतर दाखवीन म्हणते. एलिस सोडत नाही. आणि मॅक्लेन, बायकोच्या नव्या आयुष्यात अवघडून उभा असलेला, शांतपणे म्हणतो, नंतर बघेनच मी ते.

मी तिथे सिनेमा थांबवला आणि इथे लिहायला आले.